दोरीपलीकडे माझं कार्ड चालत नाही

वणी, वरोरा, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात गावोगावी फुटबॉलच्या टुर्नामेंट भरवणाऱ्या समित्यांना आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असणाऱ्या ग्रामपंचायतींना,

सप्रेम नमस्कार.

सोयाबीन घरात आलं की तुमचे फोन सुरू होतात. "भाऊ, सोळा टीम आल्या, चार दिवसांचं आहे, येता ना?" गेली १६ वर्षं मी बहुतेक फोनांना हो म्हणत आलो. कापसाच्या वेच्याचे दिवस, घरी बायको एकटी मजुरांमागे, आणि मी ४० किलोमीटर मोटरसायकल हाणत तुमच्या मैदानावर. दिवसाचे ५०० रुपये आणि पेट्रोल मिळतं. तेवढ्यासाठी कोणी येत नाही. खाणीच्या वसाहतीतल्या पोरांबरोबर अनवाणी खेळता खेळता हा खेळ माझ्या अंगात भिनला. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा शिट्टीच्या निमित्ताने मैदानावर राहता आलं, म्हणून मी येतो.

यंदा तुमचा फोन येण्याआधीच हे पत्र लिहितो आहे, मैदानाच्या कडेवरून पडणाऱ्या शिव्यांबद्दल. फोनवर तुम्ही म्हणाल, "जाऊ द्या ना भाऊ, पब्लिक आहे, चालायचंच," आणि मी ऐकून घेईन. इतकी वर्षं तेच केलं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते तुमच्यापैकी कोणाचंही असू शकलं असतं. उपांत्य सामना, दुपारचे साडेतीन. मैदान म्हणजे सोयाबीन निघालेलं शेत, रोलर फिरवून सपाट केलेलं, फक्की ताजी मारलेली. रेषेपासून हातभर अंतरावर बांबूंना नायलॉनची दोरी आणि दोरीला रेलून माणसं. पुढची रांग तर दोरीखालून पाय रेषेवर पसरून बसलेली. त्या बाजूला झेंडा घेऊन, लाईन्समन म्हणून, १९ वर्षांची मुलगी धावत होती. शाळेत असताना चांगली खेळायची, पुढे दोन वर्षं माझ्यासोबत लाईन सांभाळली. सामना संपायला सात मिनिटं उरली असताना यजमान गावाच्या पोराने चेंडू जाळ्यात मारला. तिने झेंडा वर केला. ऑफसाईड. मी शिट्टी मारली आणि गोल रद्द केला.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी तिने झेंडा का वर केला ते सांगतो. समोरच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे, गोलच्या जवळ असलेला खेळाडू ऑफसाईड, आणि ते ठरतं सोबत्याने चेंडू मारला त्या क्षणाला. चेंडू पोहोचला तेव्हा पोरगा कुठे होता, याला काही अर्थ नसतो. प्रेक्षकाची नजर चेंडूवर असते. चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडून ती घेणाऱ्याकडे येते तोवर सेकंद-दीड सेकंद गेलेला असतो, आणि तेवढ्यात बचाव करणारी पोरं धावत मागे येऊन त्याच्या बरोबरीला, कधी त्याच्या पुढेही पोहोचलेली असतात. मग दोरीवरच्या माणसाला प्रामाणिकपणे वाटतं की समोर दोन-दोन जण उभे होते, ऑफसाईड कसला? लाईनवरच्या माणसाचं काम नेमकं उलटं आहे. त्याने चेंडूचा मोह सोडून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं, तो पळेल तसं पळायचं, आणि चेंडू मारल्याचा आवाज कानाने टिपायचा. तिने तेच केलं होतं. तिचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि मैदानावर तेव्हा ते कळलेली माणसं फार तर चार असतील.

सुरुवात नेहमीसारखी झाली. "डोये फुटले काय बे?" हे मला. मग तिला, "पोट्टीले काय समजते त्यातलं, घरी भाकरी थापाले पाठवा." मग आईवरून. इथपर्यंत मी दर टुर्नामेंटला ऐकतो, आणि हे लिहितानाच लक्षात येतं की 'इथपर्यंत' म्हणण्याइतकी मला त्याची सवय झाली आहे. नंतर तिच्या पाठीमागून एका माणसाने शेजारच्याला, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोणाची हाय रे ही? आडनाव काय हाय?" कोणीतरी आडनाव सांगितलं. त्यापुढे जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही याच मातीतले आहात, ते शब्द तुम्हाला माहीत आहेत.

तिने मागे वळून पाहिलं नाही. उरलेली सात मिनिटं आणि वरचा वेळ ती त्या माणसांच्या पसरलेल्या पायांवरून उड्या मारत धावली. सामना संपल्यावर हातपंपावर ती बूट काढून बसली तेव्हा मला तिचा पांढरा मोजा दिसला. त्यावर खर्र्याची पिंक होती. मुद्दाम टाकली की पडली, मला माहीत नाही. ती मोजा चोळत होती. मान वर न करता एवढंच म्हणाली, "भाऊ, तो पुढेच होता ना?" मी म्हटलं, होता. तिने झेंडा गुंडाळून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी फायनल होती. ती आली नाही, आणि नंतरही कुठल्या टुर्नामेंटला आली नाही.

आता तुमच्या माईककडे येतो, कारण या पत्राचं खरं कारण तो आहे. गोल रद्द झाला त्या मिनिटाला मंडपातून समालोचकाने काय म्हणावं? "रेफ्री साहेबांना चष्मा घेऊन द्यायला कोणी दाता आहे का गावात?" लगेच कोणीतरी चिठ्ठी पाठवली, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं, "अमुक भाऊंकडून रेफ्रीच्या चष्म्यासाठी एकशे एक रुपये!" लोक हसले. समालोचकाला ते बरं वाटलं असणार, त्याने आणखी एक आकडा पुकारला. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. दिवसभर बोलून घसा बसलेला, लोकांना खिळवून ठेवायची जबाबदारी त्याची. पण समितीच्या माईकवरून रेफ्री आंधळा असल्याचं जाहीर झालं, तेव्हा दोरीवरच्या माणसाला परवानगी मिळाली. आधी चार जण ओरडत होते, त्यानंतर चाळीस. आडनाव विचारणाऱ्याला आवाज चढवायचं धाडस त्या गलक्यातूनच आलं.

माझ्या खिशात दोन कार्डं असतात. पिवळं ताकिदीचं आणि लाल मैदानाबाहेर काढायचं. १९७० च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपपासून ही कार्डं आली. केन ॲस्टन नावाच्या इंग्रज रेफ्रीला ती कल्पना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे बघून सुचली होती. खेळाडूने मला शिवी दिली तर नियम बारा सांगतो की लाल कार्ड. २०१९ पासून संघाच्या कोचलाही कार्ड दाखवता येतं. पण ही दोन्ही कार्डं तुमच्या दोरीपर्यंतच. दोरीपलीकडच्या माणसाला मी काहीच दाखवू शकत नाही. त्या माणसापुढे मला एकच हक्क आहे, नियम पाचमधला: बाहेरच्या व्यत्ययामुळे सामना थांबवणं, स्थगित करणं किंवा सोडून देणं. म्हणजे शिवी देणार तो, आणि शिक्षा होणार खेळणाऱ्या २२ पोरांना. म्हणून तो हक्क वापरायला कोणाचं मन होत नाही. दोरीपलीकडे तुमचं चालतं. दोरी तुम्ही बांधली, मंडप तुमचा, माईक तुमचा, बक्षिसाची रक्कम तुमच्याकडे, आणि त्या माणसाला नावाने ओळखणारेही तुम्हीच. मी बाहेरगावचा आहे, मला फक्त आवाज ओळखता येतो.

तुमच्यातले काही जण मला म्हणाले आहेत की जोशात तोंडून जातं माणसाच्या. मी हे बरेच दिवस मानत होतो. मग लक्षात आलं की तोच माणूस तहसील कचेरीत तीन तास रांगेत उभा राहतो, काम होत नाही, तरी त्याच्या तोंडून काही जात नाही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटते तेव्हा याच मैदानावर, हीच माणसं, एक पाऊल पट्टीत टाकत नाहीत. जोश तिथे कमी असतो का? तिथे पट सांभाळणारे लोक दोन्ही बाजूंनी उभे असतात आणि पाय पुढे आला तर दटावतात. गावाला जे सांभाळायचं असतं ते गाव सांभाळतं.

रेफ्री चुकतो हेही म्हणता. चुकतो. चार वर्षांपूर्वी मी एक पेनल्टी दिली. चेंडू बचावपटूच्या छातीला लागला होता, माझ्या जागेवरून मला हात दिसला. संघ एका गोलने हरला. रात्री एका पोराने मोबाईलवर मला ते दाखवलं आणि मी तिथेच खाली बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संघाच्या कॅप्टनच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तो १८-१९ वर्षांचा पोरगा, त्याने मला चहा पाजला. २०१८ पासून वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करायची पद्धत, आहे, एका सामन्याला पडदे लावून माणसं बसतात, तरी चुका आणि वाद संपलेले नाहीत. मी एकटा, फक्की उडालेली, सूर्य डोळ्यात, चेंडूमागे दीड तास पळणारा. माझ्या चुकीवर ओरडा, "हँडबॉल नाही" म्हणून बोंबला, माझी तक्रार नाही. तक्रार माझ्या आईवरून दिलेल्या शिवीची आणि त्या मुलीच्या आडनावाची आहे.

पोरांबद्दल एक सांगायचं राहिलं. १४ वर्षांखालचे सामने होते, दुसऱ्या एका गावात. एक बाप दोरीवरून सतत मला घालूनपाडून बोलत होता. थ्रो-इन मिळाला तो नेमका त्याच्याच समोर, आणि घ्यायला आला त्याचाच मुलगा. चेंडू डोक्यामागे धरून तो उभा राहिला. बापाचं चालूच. मुलाने चेंडू टाकला नाही. मान खाली घालून उभा राहिला, कान लाल झालेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "टाक बाळा." तो हळूच म्हणाला, "सर, ते माझे बाबा आहेत." त्यापुढे काही नाही. मी त्याला दटावावं, की माफ करावं, की बापाशी बोलावं, त्याचा काय विचार होता मला कळलं नाही. त्या सामन्यात तो नंतर चेंडूच्या जवळ गेला नाही.

बापाचा विषय निघाला म्हणून एक दूरची गोष्ट सांगतो. नेदरलँड्समधल्या अल्मेरे शहरात २ डिसेंबर २०१२ रोजी किशोरवयीन मुलांचा एक साधा, हौशी सामना होता. रिचर्ड न्यूवेनहायझेन नावाचा ४१ वर्षांचा माणूस लाईन्समन होता. पगारी नव्हता, त्याचा मुलगा त्या क्लबकडून खेळायचा, म्हणून बाप झेंडा घेऊन उभा राहिलेला. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी तो वारला. कोर्टाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत पोरांबरोबर एका पोराचा बापही होता. त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने पुढच्या शनिवार-रविवारचे सगळे हौशी सामने रद्द केले. ती पोरं आईच्या पोटातून लाथा घालायला शिकून आली नव्हती. झेंडा धरणाऱ्या माणसाला काहीही बोलता येतं, हे त्यांनी आधी कुठेतरी मैदानाच्या कडेला पाहिलं असणार. आपल्याकडे अजून कोणी मेलेलं नाही, एवढ्यावर निवांत राहायचं का?

तिथे आणि इंग्लंडमध्ये पुढे पुष्कळ प्रयत्न झाले. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात. २०२३ मध्ये काही लीगांतल्या रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले. मी तुमच्याकडे कॅमेरा मागत नाही.

मी मागतो ते सगळं तुमच्या मंडपात आधीपासून आहे. दोरी रेषेपासून किमान चार हात मागे बांधा. शेत मोठं असतं, जागा असते, फक्त फक्की मारणाऱ्याला आधी सांगावं लागतं. लाईनवर धावणाऱ्याच्या पायात कोणाचा पाय येणार नाही आणि कानाशी कोणाचं तोंड येणार नाही, एवढ्याने निम्मं काम होतं; हे मी अनुभवाने सांगतो. समालोचकाला पहिल्या दिवशी सकाळी सांगा की रेफ्रीच्या निर्णयावर माईकवरून टिप्पणी नाही. उलट जमलं तर त्याला नियम सांगू द्या. "थ्रो-इनवर ऑफसाईड नसतो, मंडळी," एवढं एक वाक्य तो योग्य वेळी बोलला तर माझ्या डोक्यावरच्या दहा शिव्या कमी होतात. मी स्वतः आदल्या संध्याकाळी येऊन त्याच्याशी तासभर बसायला तयार आहे.

आणि दोन्ही बाजूंना समितीचा एकेक माणूस फिरता ठेवा. गावात मान असलेला. राजुऱ्याच्या बाजूला एका गावी एक म्हातारे बाबा चारही दिवस हातात काठी घेऊन दोरीच्या कडेकडेने चालत होते. काठी त्यांनी एकदाही उगारली नाही. ज्याचा आवाज चढला त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे, त्याच्या बापाचं नाव घेऊन "काय रे, अमक्याच्या पोरा" म्हणायचे. चार दिवसांत मला आईवरून एकही शिवी ऐकू आली नाही. दुसऱ्या एका गावात बचत गटाच्या बायांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, तिथेही पुरुषांची भाषा सुधारली. पण ही पद्धत मला पटत नाही. पुरुषांची जीभ आवरायला बायांना कुंपणासारखं का बसवायचं? त्या खेळ बघायला आलेल्या असतात.

शिवी थांबलीच नाही तर काय, हे आधीच ठरवून प्रवेश अर्जावर छापा. वर्णद्वेषी शिव्यांसाठी फिफाने तीन पायऱ्या ठरवल्या आहेत: आधी सामना थांबवून माईकवरून ताकीद, मग काही वेळ संघ मैदानाबाहेर, मग सामना रद्द. जातीवरून दिलेली शिवी त्याहून वेगळी नाही, तीच पद्धत इथे लागू करा. ज्या गावाच्या लोकांमुळे सामना रद्द होईल, त्या गावाच्या संघाची बक्षिसाची रक्कम कापा, यजमान गावाचा संघ असला तरी. पैसा कापला जाणार म्हटल्यावर पोरंच आपल्या काकाला गप्प करतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शिवीगाळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लोकांसमोर दलित किंवा आदिवासी माणसाला जातीवरून शिवी दिली तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो. त्या दिवशी मी मुलीला ठाण्यात चल म्हटलं होतं. ती नको म्हणाली. तिच्या वडिलांना त्याच गावात मजुरीला जायचं असतं. मी गप्प बसलो आणि तेव्हापासून ते गप्प बसणं मला टोचतं आहे. पुन्हा तसं घडलं आणि ज्याला शिवी पडली त्याची इच्छा असली, तर साक्षीदार म्हणून माझं नाव पहिलं असेल.

माझ्याबरोबर शिट्टी हातात घेतलेले पाच जण होते. आज मी आणि आणखी एक, एवढेच उरलो. एकाने किराणा दुकान टाकलं, तो दर रविवारी टीव्हीवर सामने बघतो पण मैदानावर पाऊल ठेवत नाही. गेल्या वर्षी तुमच्यापैकी दोन ठिकाणी रेफ्री मिळाला नाही म्हणून गावातल्याच माणसाला शिट्टी दिली, आणि दोन्ही ठिकाणी बाहेरगावचे संघ अर्ध्यात निघून गेले. पुढे हेच होणार आहे. ती मुलगी टिकली असती तर तीन-चार वर्षांत तुमच्या फायनलला मध्यभागी शिट्टी घेऊन उभी राहिली असती. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

या हंगामात मी वर लिहिलेल्या गोष्टी मान्य करणाऱ्या समितीकडेच येईन. बाकीच्यांवर राग नाही, पण येणार नाही. दिवाळीआधी सगळ्या समित्यांनी एकदा एकत्र बसावं अशी माझी विनंती आहे. जागा तुम्ही ठरवा, वणीच्या आसपास असली तर यवतमाळ आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांना सोयीचं पडेल. सोंगणीचे दिवस सोडून कुठल्याही संध्याकाळी सातनंतर मी येऊ शकतो. त्या मुलीलाही मी विचारणार आहे. ती येईलच असं नाही. पण ती आली, तर तिच्याशी आधी बोलायचं आहे ते त्या गावच्या समितीने, आणि ते माझ्यासमोर नको.

आपला,
तुमच्या मैदानांवरचा एक रेफ्री